कचेरीतला निखारा

एके काळी कोणत्याही सरकारी कचेरीत पाऊल टाकले की दोन आवाज हमखास कानी पडत. एक टंकलेखन यंत्रांची टकटक, आणि दुसरा कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीतून येणारा सायक्लोस्टाइल यंत्राच्या दांड्याचा खडखडाट. मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिलवर टंकलेखक मजकूर उमटवी, शिपाई ते स्टेन्सिल शाईच्या पिंपावर चढवी आणि दांडा फिरवू लागे. परिपत्रकाच्या शंभर प्रती निघेपर्यंत त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे झालेले असत. त्या यंत्रापासून धोका होता तो शिपायाच्या सदऱ्याला. कचेरीला त्याचे फारसे भय नव्हते. त्याला चालवणारी शक्ती माणसाच्या दंडात होती, आणि दंड थकला की यंत्र आपोआप थांबत असे.

आज खोली तीच आहे. पण दांडा गेला, ओली शाई गेली आणि खडखडाटही गेला. त्यांच्या जागी फिकट रंगाचे, घुमणारे एक यंत्र येऊन बसले आहे. कळ दाबावी आणि मिनिटाला वीस-पंचवीस स्वच्छ प्रती उचलाव्यात. यंत्रातून नुकतीच बाहेर आलेली प्रत हातात घेतली तर ती कोमट लागते. हा कोमटपणा कचेरीतल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. थंडीच्या दिवसांत तर तो सुखदही वाटतो. तो येतो कोठून, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर असे आहे की, या यंत्राच्या पोटात एक लहानशी भट्टी आहे, आणि कागदांनी खच्चून भरलेल्या खोलीत ती दिवसाचे आठ तास तापत राहते.

ही भट्टी यंत्राच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. न्यूयॉर्कमधल्या एका विद्युत्साहित्याच्या कंपनीत पेटंट विभागात काम करणारा चेस्टर कार्लसन हा गृहस्थ पेटंटच्या कागदपत्रांच्या प्रती करून करून जेरीस आला होता. सांधेदुखीने बोटे आखडत, दृष्टी अधू होती, आणि नकला काढण्याचे काम काही संपत नसे. तेव्हा रसायनांशिवाय, केवळ विजेच्या साहाय्याने कोरडी नक्कल काढता येईल काय, या विचाराने त्याला पछाडले. प्रारंभीचे प्रयोग त्याने घरच्या स्वयंपाकघरात केले. गंधकाचा धूर आणि दुर्गंध यांमुळे घरातल्या आणि शेजारच्या मंडळींना ते कितपत रुचले असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पुढे त्याने ॲस्टोरिया भागात एक खोली घेतली, ओट्टो कोर्नाय नावाचा एक निर्वासित ऑस्ट्रियन पदार्थवैज्ञानिक मदतीला घेतला, आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी त्या दोघांना यश आले. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा लेप होता. रुमालाने घासून त्याच्यावर विजेचा भार आणला, काचेवर शाईने लिहिलेली तारीख आणि जागेचे नाव वर धरून प्रखर दिवा लावला, मग वनस्पतीची बारीक पूड भुरभुरली आणि फुंकर मारली. अक्षरांपुरती पूड शिल्लक राहिली. मेणकागद दाबून ती उचलली, आणि तो कागद थोडा तापवला. मेण वितळले व अक्षरे कायमची चिकटली. आजचे यंत्र कितीही चतुर झालेले असले तरी क्रम हाच आहे. विजेच्या भाराने पूड धरायची, कागदावर उतरवायची आणि उष्णतेने ती कागदात मुरवायची.

या शोधातून तयार झालेले ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र १९५९ साली बाजारात आले. नऊ इंच बाय चौदा इंचांपर्यंतच्या कागदाची प्रत काढता येई, म्हणून हा आकडा. यंत्र वजनाला तीनशे किलोंच्या आसपास होते. त्याने कचेऱ्यांचे रूप पालटले हे खरे; पण त्याच्या पोटात कागद अडकला की तो करपत असे आणि प्रसंगी पेटतही असे. ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांनी तर आपल्या वॉशिंग्टनच्या कचेरीतले यंत्र चार महिन्यांत तीनदा पेटल्याची तक्रार केली होती. यावर कंपनीने यंत्रासोबत आग विझवण्याचे एक लहानसे नळकांडे देण्यास सुरुवात केली. त्याला अग्निशामक म्हटले तर गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून त्याचे बारसे ‘करपनिवारक’ अशा अर्थाच्या सौम्य नावाने करण्यात आले. नावे ठेवण्याचे हे कौशल्य केवळ आपल्याच परिपत्रकांत असते असे नाही!

त्यानंतरच्या सहा दशकांत यंत्र पुष्कळच सुधारले. आजच्या लेझर मुद्रणयंत्रात वा छायाप्रत यंत्रात पूड मुरवणारे दोन रूळ असतात. त्यांतला एक आतून तापवलेला असतो आणि त्याचे तापमान साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. कागद २३० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकतो. म्हणजे रोजच्या व्यवहारात कागद आणि ज्वाला यांच्यामध्ये तीस-पन्नास अंशांचेच अंतर उरते. हे अंतर राखण्यासाठी रुळाजवळ उष्णता मोजणारा एक इवलासा घटक असतो. तो चुकला तर पुरवठा तोडणारा दुसरा एक तापखटका असतो. कागद अडकला की यंत्र स्वतःहून थांबते आणि भट्टी विझवते. निर्दोष आणि निगा राखलेले यंत्र म्हणूनच सहसा पेटत नाही. धोका निर्माण होतो तो माणूस या व्यवस्थेवर कुरघोडी करू पाहतो तेव्हा. तापखटका वारंवार तुटतो म्हणून त्याच्या दोन टोकांना तार जोडून यंत्र ‘चालू करून देणारा’ कारागीर गावोगाव भेटतो, आणि दोनशे रुपयांत काम झाले म्हणून त्याचे कौतुकही होते. वस्तुतः त्याने यंत्र दुरुस्त केलेले नसते. यंत्राची शुद्ध हरपलेली असताना त्याला चालायला लावलेले असते.

अडकलेला कागद ओढून काढण्याचीही एक रीत आहे. यंत्राचा खटका बंद करावा, झाकण उघडून तापलेला भाग निवू द्यावा, आणि कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने दोन्ही हातांनी सावकाश काढावा. चिटोरा आत राहिला तर तो तिथेच भाजत राहतो. टाचणी लागलेले कागद, चिकटपट्ट्यांची ठिगळे, उष्णता न सोसणारे साधे प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे यांना या भट्टीतून जाऊ देऊ नये. पावसाळ्यात कागद दमट होतात आणि अडकतात, म्हणून पुष्कळ कचेऱ्यांत कागदाची रिमे ऊब लागावी यासाठी यंत्राच्याच डोक्यावर रचून ठेवण्याची युक्ती करतात. युक्ती मोठी मराठमोळी आहे, पण तिने यंत्राच्या बाजूच्या झरोक्यांचा श्वास कोंडतो. आणि आगीला जे हवे असते ते तिच्या उशाशी आयते नेऊन ठेवल्यासारखे होते.

इतके झाले यंत्राच्या पोटातले. परंतु कचेरीतल्या आगीचे मूळ शोधू जावे तर ते पोटात क्वचित आणि शेपटीत वारंवार सापडण्याचा संभव असतो. यंत्रापासून भिंतीपर्यंत जाणारी दोन-तीन मीटरची तार, तिच्या टोकाचा प्लग, आणि त्या दोहोंच्या मध्ये जमिनीवर धूळ खात पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड, हेच या विषयाचे खरे मर्मस्थान होय.

एखाद्या तालुक्याच्या ठिकाणची कचेरी डोळ्यांसमोर आणावी. मार्चअखेरीचे दिवस आहेत. देयके कोषागारात जाण्याची घाई आहे. प्रत काढणारे मोठे यंत्र सकाळपासून थांबलेले नाही. त्याच्या शेजारी दोन मुद्रणयंत्रे आहेत. खोली जुन्या इमारतीतली. जेव्हा ती बांधली तेव्हा तिथे एक दिवा आणि एक पंखा पुरेल असा हिशेब होता, म्हणून भिंतीवर सहा अँपिअरचा एकच सॉकेट आहे. त्यातून एक एक्स्टेन्शन बोर्ड काढलेला आहे, आणि त्यातून आणखी एक. साहेबांकडे बैठक आहे, तेव्हा शिपायाने चहाच्या पाण्याची विजेची किटली त्याच बोर्डात खोचली. आता आकडे पाहावेत. आपल्याकडे विजेचा दाब २३० व्होल्ट. सहा अँपिअरच्या सॉकेटमधून अधिकात अधिक १,३८० वॉट घेता येतात. प्रतींचे मोठे यंत्र एकटेच सुमारे १,५०० वॉट मागते. किटलीही तितकेच मागते. दोहोंचा मिळून प्रवाह तेरा अँपिअर झाला. आणि तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या नुसत्या प्रमाणात नव्हे, तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सहाच्या जागी तेरा अँपिअर धावू लागले की तीच तार जवळजवळ पावणेपाच पट तापते. तारेवरचे नेहमीचे पी.व्ही.सी.चे आवरण ७० अंशांपर्यंतच सतत टिकाव धरू शकते. त्यापुढे ते मऊ पडते, ठिसूळ होते आणि अखेर आतल्या दोन तारांना एकमेकींपासून दूर ठेवण्याचे आपले काम सोडून देते. तीच तार सतरंजीखालून नेलेली असली, किंवा नीटनेटकेपणाच्या हौसेने तिचे वेटोळे करून दोरीने बांधून ठेवलेले असले, तर तिला निवायला जागाच उरत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग फ्यूज कशासाठी असतो? प्रश्न रास्त आहे. जुन्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये ठरावीक जाडीचीच तार असेल, किंवा नव्या पद्धतीचा एम.सी.बी. तारेच्या कुवतीला साजेसा निवडलेला असेल, तर अतिरिक्त भार येताच तो पुरवठा तोडील. पण फ्यूज उडणे ही कचेरीत नामुष्कीची गोष्ट समजली जाते. तो दिवसातून दोनदा उडाला की कोणीतरी शहाणा मनुष्य तिथे तांब्याचे जाड चार पदर पिळून बसवतो, आणि ‘आता उडणार नाही’ असे आश्वासन देतो. आश्वासन तंतोतंत खरे ठरते. फ्यूज उडत नाही; त्याच्याऐवजी वितळण्याचे काम भिंतीतल्या तारेकडे जाते.

याहून अधिक कपटी शत्रू म्हणजे सैल जोड. प्लगची पितळी पिन सॉकेटच्या पात्यात घट्ट बसत नसेल, किंवा प्लगच्या आतला स्क्रू ढिला असेल, तर त्या ठिकाणी विजेला अडथळा होतो. हा अडथळा अर्ध्या ओहमइतका क्षुल्लक मानला आणि त्यातून सहा अँपिअरचा प्रवाह गेला, तर त्या एकाच बिंदूत १८ वॉट उष्णता निर्माण होते. एरवी १८ वॉट म्हणजे काहीच नव्हे. रात्री लावायचा जुना ‘झीरोचा’ दिवा साधारण तेवढीच वीज खाई. पण दिव्याची उष्णता काचेच्या गोळ्यावर पसरते, आणि इथली ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. डाख देण्याची पंचवीस वॉटची सळई कथील वितळवते, हे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात पुष्कळांनी पाहिले असेल. गोम अशी की, या सगळ्या प्रकारात प्रवाह मर्यादेतच असतो. त्यामुळे फ्यूजला किंवा एम.सी.बी.ला काही वावगे घडत असल्याचा पत्ताच लागत नाही. तो पत्ता माणसाच्या इंद्रियांनाच लागू शकतो. प्लग हाताला गरम लागणे, सॉकेटच्या तोंडाशी तपकिरी डाग पडणे, बारीक तडतड ऐकू येणे, मासळी सडल्यासारखा अथवा जळक्या प्लास्टिकचा वास येणे, ही त्याची लक्षणे. सॉकेटमध्ये पिन सैल बसते म्हणून आगपेटीची काडी खोचून ती घट्ट करणारी कचेरी कोणी पाहिली नसेल तर तो भाग्यवान म्हणायचा. आगीला काडी लावणे हा वाक्प्रचार इतक्या अक्षरशः खरा करण्याची वास्तविक काही गरज नाही.

आता एक प्रशासकीय गोष्ट. शासकीय इमारतीत भिंतीच्या आतली वीज आणि भिंतीवरचे सॉकेट हे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत शाखेच्या अखत्यारीत असतात. यंत्राची देखभाल वार्षिक कराराने पुरवठादाराकडे असते. दोघांचीही माणसे येतात, आपापल्या हद्दीतले काम पाहतात, सह्या घेतात आणि जातात. या दोन हद्दींच्या मध्ये जो एक्स्टेन्शन बोर्ड पडलेला असतो, तो सादिलवार खर्चातून कोणीतरी बाजारातून आणलेला असतो. किंमत किरकोळ म्हणून जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्याची नोंद नसते. जी वस्तू नोंदवहीत नाही तिची पडताळणी नाही, आणि जिची पडताळणी नाही ती कधी निर्लेखितही होत नाही. पुठ्ठ्यासारखे पातळ कवच आणि सुतळीइतकी बारीक तार असलेला तो बोर्ड दहा-दहा वर्षे सेवेत राहतो. सर्वांत अधिक ताप सोसणारी वस्तू, आणि तिला वालीच नाही! हा दोष कोणा व्यक्तीचा नव्हे. कामाची वाटणी जिथे शिवली जाते तिथली ही उसवण आहे. प्रत्येक बोर्डाला क्रमांक देऊन तो नोंदवहीत चढवणे, त्याच्यावर भारतीय मानक संस्थेचे चिन्ह आहे ना हे खरेदीच्याच वेळी पाहणे, आणि मोठ्या यंत्रासाठी बोर्ड मुळीच न वापरता सोळा अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट व त्याची स्वतंत्र तार मागून घेणे, एवढे केले तरी अर्धे काम होते. मागणीपत्राला उत्तर यायला विलंब लागतो हे खरेच. तोवर निदान किटलीने तरी दुसरी खोली धरावी.

प्लगच्या तीन पिनांपैकी जी अधिक लांब आणि जाड असते ती भूसंपर्काची. ती लांब ठेवण्यात हेतू असा की, प्लग बसवताना भूसंपर्क सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा. यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला आतल्या आत वीज भिडली, तर ती माणसाच्या देहातून न जाता या पिनेच्या वाटेने जमिनीत जाते. तीन पिनांचा प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटात बसेना म्हणून ही पिन कापून टाकणारे, किंवा मध्ये दोन पिनांचा जोडतुकडा लावणारे लोक ती वाटच बुजवून टाकतात. कोकणात आणि गोव्यात, जिथे पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाझरतात, तिथे याचे परिणाम यंत्राच्या दारावर हात ठेवताच झिणझिण्यांच्या रूपाने समजतात. असा हलका झटका बसल्यावर हसून हात झटकणे, हा प्रघात सोडून देण्याजोगा आहे. तीस मिलिअँपिअरच्या गळतीलाही पुरवठा तोडणारा आर.सी.सी.बी. खटका फलकावर बसवता येतो. मात्र त्याच्यावर जे तपासणीचे लहान बटण असते ते अधूनमधून दाबून पाहिले नाही, तर तो जागा आहे की झोपलेला, हे कळण्यास मार्ग नाही.

संगणकाला जोडलेल्या लहान यू.पी.एस.मध्ये लेझर मुद्रणयंत्राचा प्लग खोचण्याची चूक फार ठिकाणी होते. मुद्रणयंत्राची भट्टी पेटते त्या क्षणी ते एकदम हजार वॉटच्या घरात वीज ओढते, आणि तेवढी देणे त्या लहान डब्याच्या आवाक्याबाहेरचे असते. दिवे गेल्यावर एखादे पान छापायचे राहिले, तर ते दिवे आल्यावर छापावे.

पुडीविषयीही थोडे सांगावयास हवे. टोनर म्हणून जी काळी पूड मिळते ती म्हणजे काजळी व रंगद्रव्य मिसळलेले प्लास्टिकचे पीठ होय. तिचा कण मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान असतो. पिठाच्या गिरणीत हवेत उडालेले पीठ ठिणगीने भडकू शकते, हे गिरणीवाल्याला ठाऊक असते. टोनरचा स्वभाव त्याच जातीचा आहे. डब्यात असताना तो निरुपद्रवी, पण हवेत ढग होऊन तरंगला की ज्वालाग्राही. म्हणून सांडलेला टोनर घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. बारीक कण त्याच्या पिशवीतून पार होऊन मोटारीपाशी जातात, आणि मोटारीत ठिणग्या असतातच. थंड पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने टोनर पुसावा. गरम पाणी वापरले तर पूड वितळून फरशीला कायमची चिकटते. तापलेल्या यंत्राच्या आत स्पिरिटचा बोळा फिरवणे, किंवा धूळ उडवण्यासाठी दाबाच्या डब्यातला ज्वालाग्राही वायू फवारणे, यांविषयी वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी. तथापि दोन्ही प्रकार सर्रास चालतात. रिकामी झालेली काडतुसे कचेरीमागच्या कचऱ्याच्या ढिगात घालून जाळू नयेत.

कागदाला आग लागली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने २१ जून २०१२ रोजी पाहिले. मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर दुपारी लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच जणांचे प्राण गेले. अकरा वर्षांनी, १२ जून २०२३ रोजी, भोपाळच्या सातपुडा भवनात तिसऱ्या मजल्यावर आग लागली; तिथे सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही, पण वरच्या मजल्यांवरच्या हजारो नस्त्यांची राख झाली. या आगी छपाईच्या यंत्रांमुळे लागल्या असे येथे सुचवावयाचे नाही. पण ज्या इमारतीत मजल्यामागून मजले कागदाने भरलेले असतात, तिथे आरंभ कोठून झाला याला पुढे फारसा अर्थ राहत नाही. नस्ती जळते तेव्हा कोणाची तरी सेवापुस्तिका जळते, कोणाच्या तरी जमिनीचा फेरफार जळतो. दूरच्या खेड्यातून एस.टी.ने येऊन खिडकीशी उभा असलेला मनुष्य आपल्या हक्काचा एकुलता एक पुरावा गमावून बसतो. त्याच्या हातात उरते ती आवक क्रमांकाची चिठ्ठी. मोठ्या यंत्राशेजारी बस्त्यांचा ढीग न ठेवणे, यंत्राच्या भोवती वावभर जागा मोकळी राखणे, आणि अभिलेखांच्या खोलीत छपाईचे यंत्र मुळीच न नेणे, या साध्या गोष्टींचे वजन अशा वेळी कळते.

धूर ही दुसरी गोष्ट. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बंगळूरच्या कार्लटन टॉवर्स या कचेऱ्यांच्या इमारतीत आग लागली, तेव्हा विद्युतवाहिन्यांच्या उभ्या पोकळीतून धूर वर चढला. नऊ माणसे मृत्युमुखी पडली. गुदमरून खिडक्या फोडणाऱ्या आणि खाली उड्या घेणाऱ्या माणसांची चित्रे त्या दिवशी देशभर दिसली. तारांवरचे पी.व्ही.सी. जळते तेव्हा त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि तो डोळे व श्वासनलिका जाळीत जातो. ज्वाला लांब आहे म्हणून धुरात थांबून नस्त्या गोळा करीत बसणे हे शौर्य नव्हे.

यंत्रातून धूर येऊ लागला तर पहिले काम पुरवठा तोडण्याचे. प्लग शाबूत आणि थंड असेल तर भिंतीवरचा खटका बंद करून तो काढावा. प्लगच पेटला असेल तर त्याला हात न लावता खोलीचा वा मजल्याचा मुख्य खटका पाडावा. यंत्राचे झाकण उघडू नये. आत दबलेल्या आगीला हवा मिळेल. वीज चालू असताना पाणी टाकणे म्हणजे त्या प्रवाहात स्वतःला गुंफून घेणे होय. विजेच्या यंत्रासाठी कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक उत्तम, कारण ते मागे राळ ठेवीत नाही, ए.बी.सी. पुडीचे नळकांडेही चालते, पण त्यानंतर यंत्र बहुधा कामातून जाते. खीळ ओढावी, दाराकडे पाठ ठेवून उभे राहावे, आणि झोत ज्वालेच्या शेंड्यावर न मारता बुडावर मारावा. कार्बन डायऑक्साइडच्या कर्ण्याला उघड्या हाताने धरू नये, तो बर्फाहून गार होतो. आणि कोंदट खोलीत झोत मारल्यावर तिथे थांबूही नये. हे नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते. तेवढ्यात आग आटोपली नाही, किंवा ती कचऱ्याच्या टोपलीहून मोठी झाली, तर दार ओढून घ्यावे, लिफ्टला हात न लावता जिन्याने बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा. पुष्कळ जण अग्निशामक दलाला अखेरीस कळवतात. आधी वरिष्ठांना कळवण्याची सवय इतकी मुरलेली असते की, आगीची वर्दीसुद्धा योग्य मार्गानेच पाठवावी असे वाटत असावे!

दर वर्षी १४ एप्रिलला कचेऱ्यांतून अग्निसेवा सप्ताहाची लहान निशाणे वाटली जातात. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज पेटले. त्याच्या पोटात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. झालेल्या स्फोटांत मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. निशाण छातीला टाचले जाते, सप्ताहाचे भित्तिपत्रक लागते, आणि भिंतीवरचे लाल नळकांडे त्या आठवड्यापुरते पुसले जाते. ते पुसताना त्याच्या गळ्यातली चिठ्ठीही वाचावी. पुनर्भरणाची तारीख उलटून गेलेली आढळणे असंभवनीय नाही. पुडीच्या नळकांड्यावर दाबाचा काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला सहसा काटा नसतो; ते भरलेले आहे की नाही हे वजन करूनच कळते, आणि हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक रिकामी नळकांडी मोठ्या दिमाखात पहारा देत उभी असतात.

संध्याकाळी सहा वाजता कचेरी सुटते. यंत्राच्या अंगावरचे बटण दाबून ते निजवले जाते. पण निजलेल्या यंत्रात वीज असतेच. ती तोडायची तर भिंतीवरचा खटका खाली करावा लागतो, आणि तो नेमका अशा जागी असतो की त्यासाठी कपाट सरकवावे लागते. रात्री इमारतीत पहारेकरी एकटा असतो. वास आला, धूर दिसला, तर त्याने धावत जायचे ते मुख्य खटक्याच्या फलकाकडे. आणि पुष्कळ कचेऱ्यांत त्या फलकाची खोली कुलूपबंद असते, व तिची किल्ली दिवसपाळीच्या कोणा कर्मचाऱ्याच्या जुडग्यात, सहा मैलांवरच्या त्याच्या घरी खुंटीला टांगलेली असते. तिची दुसरी किल्ली करून घ्यायला पन्नास रुपये पडतात. ती काचेच्या पेटीत, पहारेकऱ्याच्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावावी.